सावळाराम वायरमनचा डायनामो

पिंपळीच्या सावळाराम वायरमनला तुम्ही काहीही म्हणा, ऐकून घ्यायचा. ‘तुमचं चुकलं’ एवढं मात्र म्हणायची सोय नव्हती. लगेच कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि समोरच्याची खैर नसायची. आज्जा मेंढरांमागं हिंडला, बाप हिंडला, थोरला भाऊ कुंडलिक तर अजूनही सुगी सरली की कळप घेऊन बाहेर पडायचा. खाकी शर्टाच्या खिशाला टेस्टर लावून पगाराला जाणारा घरातला पहिला माणूस म्हणजे हा. भवानीनगरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं वायरमन. पंपाच्या मोटारीचा नुसता आवाज ऐकून कुठली बेअरिंग गेली ते सांगायचा, आणि सांगितलेलं खरं निघायचं. मग अशा माणसाला माज येणार नाही तर काय होणार?

त्यात त्यानं गाडी घेतली. बारामतीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या अंगणात धूळ खात पडलेली एकसष्ट सालची अँबॅसिडर. गावातली पोरं विचारायची, ‘‘तात्या, आज गाडीनं तुमास्नी आणलं का तुमी गाडीला?’’ सावळाराम लक्ष द्यायचा नाही. गाडीचं सगळं काम तो स्वतः करायचा. गॅरेजवाल्याच्या हातात पाना दिला तर त्याला रात्री झोप यायची नाही.

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमध्ये त्याच गाडीवर सगळं येऊन ठेपलं.

त्याची एकुलती एक लेक माधवी इंदापूरच्या पलीकडं, भीमेच्या काठाला दिलेली. तिला सातवा महिना सरत आला होता. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिल्या खेपेला आठव्यातच पोट दुखायला लागलं, दवाखाना लांब, रात्र पावसाची, आणि पोर तासभर जगून गेलं. तेव्हा माहेरी आणायला सावळाराम आठ दिवस उशिरा निघाला होता. कारखान्यात मोटार जळाली होती. ‘‘आठ दिसानं काय होतंय?’’ असं तो कुशाबाईला म्हणाला होता. त्या आठ दिवसांतच सगळं झालं. माधवीची सासू सारजाबाई भर माणसांत म्हणाल्या, ‘‘बापाला लेकीपरीस मोटारीची काळजी.’’ सावळारामनं तिथल्या तिथं उलटं ऐकवलं, की तुमच्या घरात दोन जीवाच्या बाईला हंड्यानं पाणी वाहायला लावता ते आधी बघा. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं कामापुरतं.

या खेपेला बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, की पोरीला एसटीत नाही, जीपमध्ये नाही, मोटारीत मागं आडवी करून हळू आणा आणि दवाखान्याच्या जवळ ठेवा. तिकडून सारजाबाईंचा निरोप आला. गुरुवारपासून आठवा लागतो. आठव्यात आमच्यात लेकीबाळीला वेस ओलांडू देत नाहीत. बुधवारी न्यायची तर न्या, आणि दिवेलागणीच्या आत न्या. एकदा घरात दिवा लागला, की दोन जीवाच्या बाईला मी वेशीबाहेर जाऊ देणार नाही. मग बाळंतपण इथंच.

आणि नेमका सोमवारी डायनामो गेला.

इंजिन चालू असताना डायनामो बॅटरी भरत राहतो. तो थांबला की गाडी शिलकीवर चालते आणि शिल्लक संपली की उभी राहते. डायनामो काढून बारामतीला दाखवायला नेला, तर तिथला मिस्त्री म्हणाला, ‘‘ठेवून जावा, आठ दिस लागत्याल.’’ आठ दिवस! हे शब्द सावळारामला पुन्हा ऐकायचे नव्हते. त्यानं डायनामो उचलला आणि घरी आणून मंगळवारी ड्युटीवरनं आल्यावर ओट्यावर खोलला. आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज घेणारे तुकडे, झिजून नखाएवढे राहिले होते. बस्स, एवढंच! त्यानं ट्रॅक्टरच्या डायनामोचे मोठे कार्बन आणले, कानशीनं घासून घासून मापात बसवले. हे काम मात्र त्यानं असं केलं, की बघत राहावं. बॅटरी रात्रभर भरायला लावली. पण लाईट दोनदा गेली, त्यामुळं ती अर्धीमुर्धीच भरली.

बुधवारी सकाळी डायनामो चढवला, बॅटरी जागेवर ठेवली आणि तारा जोडायला वाकला तो तसाच थांबला. बॉडीला बोल्ट केलेली जाड पट्टी, म्हणजे अर्थिंगची, तिच्या टोकाची क्लिप रुंद होती. बॅटरीच्या जाड खुंटावर बसणारी. आणि जाड खुंट तर प्लसचा! याआधी बॅटरी काढायची वेळ कधी आली नव्हती, आणि काल अंधारात काढताना हे दिसलं नव्हतं.

‘‘आरं तिच्या मारी!’’ सावळाराम सरळ उभा राहिला. ‘‘कुशे, हिकडं ये. बघ, कुण्या गाढवानी बॉडीला प्लस जोडलाय. आक्खी गाडी जिवंत करून ठेवलीय!’’

कुशाबाई ओटीचं सामान बांधत होती. ‘‘मंग आतापातूर चाललीच की तशी.’’

‘‘चालली म्हंजे नशीब आपलं. सव्वीस वर्सं झाली, लाल ती जिवंत आन पत्रा तो अर्थ. पत्र्याला जिवंत तार लागली तर काय हुतं, ते म्या डोळ्यानं बघितलंय. असल्या गाडीत पोटुशी लेक बसवू व्हय?’’

खरं सांगायचं तर त्याचा हेतू वाईट नव्हता. कारखान्यात एकदा पंपाच्या पत्र्याला करंट उतरला होता आणि त्याला चिकटलेला माणूस यानंच लाकडी दांड्यानं सोडवला होता. ते डोळ्यांपुढून कधी गेलंच नाही. पण बारा व्होल्टच्या बॅटरीनं माणूस मरत नाही, आणि जुन्या काळी काही गाड्या मुळातच अशा यायच्या, प्लस बॉडीला जोडलेल्या, हे त्याला माहीत नव्हतं. विचारणार कुणाला? आणि विचारेल तर तो सावळाराम कसला!

त्यानं बॅटरी फिरवली. अर्थची रुंद क्लिप आता मायनसच्या बारीक खुंटावर ढिली पडायला लागली. त्यानं तेलाच्या डब्याची पत्र्याची पट्टी कापून तिच्यात कोंबली. दुसरी क्लिप प्लसच्या जाड खुंटावर जाईना, ती पक्कड घालून फाकवली. गाडी बिचारी आपल्या परीनं सांगत होती. पण नऊ वाजून गेले होते.

गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली. समोरच्या काचेखालच्या मीटरचा काटा प्लसकडं झुकला, म्हणजे बॅटरी भरायला लागली. सावळारामनं कुशाबाईकडं असं बघितलं, की तिनं तोंड वळवून घेतलं. निघाल्यावर बॉनेटखाली टर्रर्र असा आवाज आला आणि जळकट वास सुटला.

‘‘कसला वास येतोय वो?’’

‘‘नवा कार्बन बसतोय. गप बस.’’

थोड्या वेळानं टर्रर्र थांबलं. काटा प्लसवरच होता. उसाच्या बैलगाड्यांच्या मागनं, ट्रॅक्टरांना हॉर्न देत देत गाडी इंदापूरच्या पुढं पोचली, तेव्हा साडेबारा झाले होते.

सारजाबाई दारातच उभ्या होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. नवरा गेल्यावर एका पोराला आणि वीस एकराला तिनंच सांभाळलेलं. ‘‘आलात? ह्या खेपंला येळंत आलात,’’ एवढंच म्हणाल्या. सावळारामला तो शब्द बरोबर लागला. पण माधवी आतून आली, पोटावर हात धरून हसली, ‘‘आप्पा, उन्हाचं आलात, पाणी घ्या,’’ म्हणाली, आणि त्याचा राग निवळला. तिचा चेहरा उतरला होता, पाय सुजले होते. आपण हिला घेऊन जाणारच, असं त्यानं मनात दहादा म्हटलं.

जेवणं झाली. साडेतीनला ओटी भरली. माधवी उंबरा ओलांडून अंगणात आली. कुशाबाईनं मागच्या सीटवर गोधडी घातली, उशी ठेवली. सावळारामनं किल्ली फिरवली आणि सेल्फ दाबला.

टक्.

पुन्हा दाबला. टक्. तिसऱ्यांदा तर तेवढंही नाही.

शेजारची एक म्हातारी काहीतरी पुटपुटली आणि सारजाबाईंनी तिला डोळ्यांनीच दटावलं. पण त्यांच्या कपाळाला आठी पडलेली सावळारामनं बघितली. ओटी भरून बाहेर पडलेली लेक आता माघारी घरातही नेता येत नव्हती, ते अपशकुनाचं. कडुनिंबाखाली घोंगडं टाकून तिला बसवलं.

जावई दादासो पुढं आला. पोरगा गरीब स्वभावाचा, आईच्या शब्दाबाहेर नसलेला. ‘‘मामा, धक्का मारू का?’’

चौघांनी ढकलली. फाटकापर्यंत गेल्यावर गाडी धुगधुगली, चालू झाली. सगळ्यांना हायसं वाटलं. दादासो पळत आला, ‘‘चला मामा, आता बंद करू नगा. बसवा तिला.’’

सावळारामनं काट्याकडं बघितलं. काटा प्लसवर. त्यानं हॉर्न दाबला, तर आजारी करडू ओरडावं तसा आवाज आला. काटा म्हणतोय बॅटरी भरतीय आणि हॉर्न म्हणतोय बॅटरीत काही नाही. यातलं कोण खोटं बोलतंय? पुढं साठेक किलोमीटर. मध्येच बंद पडली तर? रस्त्याच्या कडेला, अंधारात, माधवी मागं आडवी झालेली, पुढं उसाच्या गाड्या, मागं उसाच्या गाड्या. आणि तिला तिथंच कळ आली तर? गेल्या खेपेची रात्र त्यानं बघितली नव्हती, नुसती ऐकली होती. तरी ती त्याला आत्ता दिसायला लागली.

‘‘बसवू ना?’’ कुशाबाईनं विचारलं.

सावळारामनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

‘‘आवो! बंद काय केली?’’

‘‘न्हाय न्यायची अशी,’’ तो म्हणाला आणि खाली उतरला.

बॉनेट उघडलं. डायनामोचे कार्बन बघितले, ठणठणीत. एकेक तार तपासण्यात दीड तास गेला, मग कटआउटच्या डबीचं झाकण काढलं. डायनामोची वीज बॅटरीला जोडायची आणि तोडायची ती डबी. आतले दोन्ही पॉइंट जळून काळेठिक्कर झाले होते. म्हणजे सकाळचं टर्रर्र हे होतं. तेव्हापासून बॅटरीला थेंब मिळालेला नव्हता. मग काटा प्लसवर कसा? सूर्य फाटकावरच्या बाभळीला टेकायला आला होता. माणसं चुळबुळत होती. सारजाबाई पायरीवर बसून एकटक त्याच्याकडं बघत होत्या. सावळाराम गाडीत जाऊन बसला. काहीतरी करायचं म्हणून त्यानं दिव्यांचं बटण ओढलं.

दिवे मिणमिणले आणि काटा आणखी प्लसकडं गेला.

तो बघतच राहिला. बटण आत, काटा माघारी. बटण बाहेर, काटा प्लसकडं. इंजिन बंद. डायनामो बंद. मग भरती येतीय कुठनं? दिवे लावले की वीज जाते, येत नाही. हे तर कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक! खर्च होत असताना काटा जमा दाखवतोय. म्हणजे वीज उलटी वाहतीय. म्हणजे...

त्याला एकदम ती रुंद क्लिप आठवली, आणि तिच्यात आपल्या हातानं कोंबलेली पट्टी. मीटरपासून डायनामोपर्यंत गाडी मुळातच बॉडीला प्लस धरून जोडलेली होती. गाढव कुणी दुसरं नव्हतं. जाणत्या माणसानं बरोबर जोडलेलं त्यानं दुरुस्त केलं होतं!

दादासो खिडकीशी आला. ‘‘काय झालंय मामा?’’

सांगायला खूप काही होतं. मिस्त्र्याचं नाव घेता आलं असतं. जुनी गाडी, जुना माल, रात्री गेलेली लाईट. सव्वीस वर्षांत सावळारामनं अशी कितीतरी कारणं दिली होती आणि लोकांनी घेतली होती. त्यानं कडुनिंबाखाली बघितलं. माधवी एका हातानं कंबर दाबत बसली होती आणि बापाकडं बघून उगाच हसायचा प्रयत्न करत होती. ते हसणं त्याच्यानं बघवेना.

‘‘माझं चुकलं,’’ सावळाराम म्हणाला. मग मोठ्यानं परत म्हणाला, पायरीपर्यंत ऐकू जाईल असं. ‘‘बॅटरी म्या उलटी जोडली. गाडी चांगली व्हती. माझ्या हातानं बिघडली. घटकाभर थांबा, म्याच नीट करतो.’’

कुशाबाईचं तोंड उघडंच राहिलं. तिनं लग्नाच्या तीस वर्षांत हे वाक्य ऐकलं नव्हतं. सारजाबाई उठल्या आणि आत गेल्या.

मग सुरू झालं ते काम सोपं होतं. पत्र्याची पट्टी काढून फेकली. बॅटरी फिरवली. रुंद क्लिप जाड खुंटावर अशी गपकन बसली, की सावळारामला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. फाकवलेली दुसरी क्लिप दाबून बारीक खुंटावर आवळली. कटआउटचे पॉइंट घासायचे होते, पॉलिश पेपर जवळ नव्हता. काड्यापेटीच्या बाजूनंही घासता आले असते, पण सारजाबाईंकडं काड्यापेटी मागायला त्याची जीभ रेटेना. शेवटी नखाएवढ्या कानशीनं, श्वास रोखून, एकेक पॉइंट घासत बसला. तेवढ्यात झाकणाचा स्क्रू निसटून खाली मातीत पडला. दादासो आणि तो दोघं गुडघ्यावर बसून मातीत हात फिरवायला लागले.

‘‘मामा, सूर्य गेला,’’ दादासो हळूच म्हणाला.

‘‘बघितलंय.’’

‘‘आई दिवा लावील आता. एकदा लावला की ती न्हाय ऐकायची. माझंबी न्हाय.’’

‘‘ठाव हाय रे बाबा, शोध तू.’’

स्क्रू सापडला. झाकण बसलं. पण तोवर शेजारच्या घरात बल्ब लागला होता. पलीकडच्या वस्तीवर दोन लागले. वाटेवरच्या देवळात कुणीतरी घंटा वाजवली. सावळारामला आता वर बघायचंही धाडस होईना. बॅटरी एवढा वेळ निजून थोडी सावरली होती. चौघांनी पुन्हा ढकललं आणि गाडी फाटकाच्या अलीकडंच गुरगुरली. त्यानं दिवे लावले. काटा मायनसकडं गेला, जायला पाहिजे तसा. अॅक्सिलेटर दाबला. दोन क्षण काहीच नाही, आणि मग काटा उठला, मधली रेघ ओलांडून प्लसकडं गेला आणि तिथं थांबला. दिवे पांढरेशुभ्र झाले. हॉर्न दिला तर पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली.

काम झालं होतं आणि वेळ गेली होती. वाटेच्या दोन्ही अंगाला घराघरांत उजेड. दुसऱ्यांदा उशीर! सावळारामनं इंजिन चालूच ठेवलं, दादासोला सीटवर बसवलं आणि हात शर्टाला पुसत तो पायरीशी आला. विनवणी करायची, पाया पडायचं, काय म्हणतील ते ऐकायचं, असं ठरवून त्यानं आत डोकावलं.

आत अंधार होता.

डोळे सरावल्यावर दिसलं. देवळीखाली सारजाबाई मांडी घालून बसल्या होत्या. समोर तेल घातलेली समई, वात भिजवलेली. काड्यापेटी मुठीत. भोवती सगळ्या गावात दिवे लागलेले, आणि ही बाई आपलं घर काळोखात घेऊन बसलेली.

‘‘झाली व्हय गाडी?’’ त्यांनी विचारलं.

‘‘झाली.’’

‘‘मंग न्या लेकीला. आमच्यात दिवा लागला न्हाय आजून.’’

सावळाराम पायरीवर एक पाय ठेवून तसाच उभा राहिला. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, ते अंधार असल्यानं त्यानं पुसलंही नाही.

‘‘इहीणबाई, गेल्या खेपंलाबी माझंच चुकलं व्हतं,’’ तो म्हणाला. ‘‘आठ दिस उशीर म्या केला. तवा तुमाला नगं नगं ते बोललो.’’

आतून बांगड्यांचा आवाज आला.

‘‘पाण्याचा हंडाबी म्याच दिला व्हता तिला,’’ सारजाबाई म्हणाल्या. ‘‘रोज डोळ्याम्होरं येतो. जावा आता, इवाई. सांजचं घर किती येळ अंधारात ठेवू म्या?’’

माधवीला मागच्या सीटवर अलगद आडवी केली. कुशाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सावळारामनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि एकेक खड्डा बघत फाटकाबाहेर काढली. वेशीच्या दगडाजवळ पोचल्यावर माधवीनं कोपरावर टेकून मागच्या काचेतून बघितलं.

‘‘आप्पा,’’ ती म्हणाली, ‘‘आत्यांनी दिवा लावला.’’